तीर्थ कोणी प्यावे?



पंढरीला पोहोचल्यावर आपला क्रम ठरलेला असतो. आधी चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन, मग नामदेव पायरीला डोके टेकवणे, आणि पुढे पददर्शन घडो की कळसावर समाधान मानावे लागो, ज्याचे त्याचे भाग्य. देवाच्या आधी पाणी येते. बुडी मारल्यावर ओंजळीतले घोटभर तोंडात घेतो, त्याला आपण तीर्थ म्हणतो. पाणी म्हणत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढीची गोष्ट. वाळवंटात बसलो होतो. शेजारी मराठवाड्यातल्या दिंडीतली एक म्हातारी होती. अंगावर एकच ओले लुगडे, ते अंगावरच वाळत होते. तिने पितळी गडव्यात चंद्रभागा भरून आणली आणि कीर्तनकार म्हणून मान देत माझ्यापुढे धरली. “महाराज, तीर्थ घ्या.” माझ्या पिशवीत विकतच्या पाण्याची बाटली होती. मी हात पुढे केला, तीर्थ घेतले, ओठांपर्यंत नेले आणि बोटांच्या फटीतून सदऱ्यावर सोडून दिले. वर डोक्याला हातही पुसला. तिला वाटले चुकून झाले. “सांडलं की वो महाराज, थांबा, अजून देते,” म्हणाली. मी म्हणालो, “पुरे माउली, घेतले.” मग तिने स्वतः घेतले, दोन घोट, डोळे मिटून.

पन्नास वर्षे मी समतेवर निरूपण केले. त्या दिवशी एकाच गडव्यातले पाणी तिने प्यायले आणि मी सांडले. तिची श्रद्धा मोठी आणि माझी कमी, असे म्हणून मी पुष्कळ दिवस स्वतःला दोष दिला, आणि त्या दोष देण्यात थोडे सुखही असते, हे तुम्हांस ठाऊक असेल. पण नंतर ध्यानात आले की प्रश्न श्रद्धेचा नव्हताच. माझ्या पिशवीत बाटली होती, तिच्या पिशवीत नव्हती. गरीब आणि श्रीमंत यांच्यातले अंतर वाढते तेव्हा नदीचे काय होते, हा आजचा विषय, आणि तो मी त्या बाटलीपासून धरणार आहे.

आधी हे पाणी येते कोठून ते पाहू. भीमा भीमाशंकरला उगम पावते. इंद्रायणी लोणावळ्याकडून येते, देहूला तुकोबारायांचे आणि आळंदीला माउलींचे चरण धुते आणि तुळापूरला भीमेत मिळते. पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन मुळेला मिळते, मुळा-मुठा सगळे पुणे पोटात घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत उतरते. मग दौंड, मग उजनीचे धरण. ते 1980 साली पुरे झाले, त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. तेथून सुटलेले पाणी पंढरपुरी येते आणि चंद्रकोरीसारखे वळते म्हणून चंद्रभागा म्हणवते. म्हणजे आळंदी-देहूचे पाणी आपल्याआधीपासून पंढरीची वारी करीत आले आहे. आपण पालखीबरोबर घाटातून जातो, ते खालून जाते.

त्या पाण्याबरोबर वाटेत काय काय चालते? शहरांचा मैला, न्हाणीघरांचा साबण, कारखान्यांचे सांडपाणी, खाली साखरपट्ट्यात आल्यावर मळीमिश्रित पाणी. आळंदीला बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेथे पांढरा फेस उसळतो. नवखा वारकरी लांबून पाहून हरखतो, त्याला दुधासारखे वाटते. ती साबणाची आणि रसायनांची करणी आहे. खाली संथ पाण्यावर जलपर्णी माजते, कारण आपल्या मैल्याचे तिला उत्तम खत होते. आणि नदीला स्वतःचे वाहते पाणी उरलेले नाही, ही गोष्ट तर आपण बोलतच नाही. वर धरणे अडवतात, कालवे उसाकडे जातात. राज्यातल्या शेतजमिनीचा चार-साडेचार टक्के भाग उसाखाली, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक घास तोच घेतो. पात्रात मग जे उरते ते बहुतेक सांडलेलेच असते. घाण पूर्वीही होती, पण तिला वाहून नेणारे पाणी होते.

आता पूर्वपक्ष ऐका. तो मांडल्याशिवाय सिद्धांताकडे जाऊ नये, असे आमच्या गुरुजींनी शिकवले.

माझा नातू अर्थशास्त्र शिकतो. तो म्हणाला, “आजोबा, हे डोंगर चढण्यासारखे आहे. देश गरीब असतो तेव्हा आधी कारखाने निघतात, धूर होतो, पाणी नासते. पुढे पैसा आला की लोक स्वच्छ हवा-पाणी मागतात, यंत्रे येतात, आणि उतार लागतो. आधी श्रीमंत व्हायचे, मग स्वच्छ.” कुझनेट्स नावाच्या पंडिताने 1955 साली माणसांच्या उत्पन्नातल्या विषमतेबद्दल असा डोंगर काढला होता, आधी ती वाढते, मग उतरते, पुढे नव्वदीच्या दशकात इतरांनी तोच डोंगर प्रदूषणाला लावला. आपल्यासारख्या विकसनशील देशांना तो फार आवडला. आवडणारच. आजची घाण उद्याच्या खात्यावर टाकता येते.

मी म्हणालो, बाळा, डोंगर असेल, पण चढताना खांद्यावर कोण असते आणि पालखीत कोण बसते ते सांग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या नद्यांचे 351 पट्टे प्रदूषित ठरवले, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत अधिक. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला, महाराष्ट्राचा 55 झाला. आणि पैशाने पाहिले तर राज्यांमध्ये सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपलीच. पैसा आलेला आहे. नदीने अजून तो पाहिलेला नाही.

नातू गप्प बसणारा नव्हे. तो म्हणाला, जपान पाहा, स्वच्छ झाला की नाही? झाला. पण त्याच जपानची मिनामाता गावाची हकिकत त्यानेच मला वाचून दाखवली. समुद्रकाठचे गाव, कोळ्यांची वस्ती, शेजारी रसायनांचा कारखाना. तेथून पारा खाडीत जाई, पाऱ्यातून मासळीत, मासळीतून माणसांत. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. 1956 साली माणसांच्या आजाराची नोंद झाली, 1959 पर्यंत विद्यापीठातल्या वैद्यांनी पाऱ्याकडे बोट दाखवले, आणि सरकारने कारण कबूल केले 1968 साली. मधली वर्षे जपानच्या भरभराटीची होती. ज्याला मासळी विकत घ्यायची त्याला दुसऱ्या बंदराची मिळत होती. ज्याचे जाळेच त्या खाडीत होते तो काय खाणार? देशाला उतार लागेपर्यंत ती माणसे चढावरच संपली. त्यांना उतार कोणी दाखवायचा?

दुसरा पूर्वपक्ष अधिक बोचरा आहे, कारण तो आपल्यावरच आहे. लोक म्हणतात, नदी घाण करतात ती गरीब माणसे. वारीच पाहा. लाखो माणसे येतात, काठावर कपडे धुतात, उघड्यावर बसतात, पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले टाकून जातात. हे खोटे नाही, माउली. मी ते पाहिले आहे आणि तरुणपणी केलेही आहे. आता पालखीमार्गावर शौचालये उभी राहतात, पुष्कळ फरक पडला. तरी द्वादशीच्या दिवशी वाळवंट पाहावे आणि आपण कोणत्या तोंडाने अभंग म्हटले ते स्वतःला विचारावे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. आम्ही त्यांचे रात्रीचे तेवढे उचलले.

पण आपण गेल्यावर ते वाळवंट झाडते कोण? हाताने मैला उचलायला लावू नये म्हणून 1993 साली कायदा झाला, पुन्हा 2013 साली झाला. तरी झाडू धरणाऱ्या हातांची जात बदलली का, हे आडनावे विचारली तर कळेल. ज्या समाजात घाण उचलणारी माणसे जन्मानेच ठरलेली असतात, तेथे घाण करणाऱ्याला तिचा जाच होत नाही. स्वतः उचलायची असती तर टाकताना हात अडखळला असता. विषमता आणि मलिनता यांची गाठ मला पहिल्यांदा दिसली ती येथे.

आणि तोलच करायचा तर नीट करू. वारकऱ्याची पत्रावळ चार दिवसांची, शहराची गटारे बारा महिने तेरा काळ चालू. गरीब माणूस नदीत घाण करतो तेव्हा त्याच नदीत उभा असतो. मोठा माणूस दूर राहून करतो. त्याची मोरी, त्याची नळी, त्याचे धुराडे त्याच्या घरापासून लांब कोठेतरी उघडते, आणि तेथे नेमकी कोणाची वस्ती असते हे सांगायला ज्योतिषी नको.

आता मी बाटलीकडे परत येतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावात पाटील, ब्राह्मण, माळी, सुतार, सगळे एकाच नदीचे पाणी पीत. थांबा. हे वाक्य मी कीर्तनात शेकडो वेळा बोललो आहे आणि ते खोटे आहे. सगळे पीत नसत. महारवाड्याचा पाणवठा खाली होता, आणि गावाची धुणी झालेले पाणी तेथे जाई. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसे घेऊन महाडला जावे लागले. म्हणून जुना काळ सोन्याचा असे मी म्हणणार नाही. मात्र वरच्या पाणवठ्याला नासवणारा कोणी आला, तर पाटील काठी घेऊन उठे, एवढे खरे. धर्म म्हणून उठत नसे, त्याच्याच घागरीचा प्रश्न होता म्हणून उठे.

आता पाटलाच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र आहे. शहरात बंगल्यावर टँकर येतो, कचेरीत जार येतो, प्रवासात बाटली. गावातही यंत्र बसले आहे. पाच रुपयांचे नाणे टाकले की वीस लिटर पाणी. ज्याला नाणे टाकता येते त्याने नदीची चौकशी सोडली. तो दुष्ट झाला असे नाही, त्याची गरज संपली. पण गावात ज्याचा शब्द चालतो, ज्याचा तहसीलदाराला फोन जातो, ज्याचा भाचा वर्तमानपत्रात आहे, तो हाच. तो काठावरून उठून गेला. मागे राहिली ती धुणे धुणारी, जाळे टाकणारा, म्हशी पाजणारा, आणि आषाढीला गडवा भरणारी म्हातारी. त्यांना पाणी नासल्याचे कळते सर्वांच्या आधी, पण त्यांचे ऐकतो कोण? पूर्वी त्यांना पाण्यापाशी येऊ देत नसत. आता पाणी नासवून त्यांच्या ओंजळीत सोडून दिले आहे.

म्हणून मला वाटते, उत्पन्नातले अंतर नदीला दोन बाजूंनी मारते. वरच्या माणसाला इतकी ताकद देते की तो आपली घाण दुसऱ्याच्या दारी पाठवू शकतो, आणि त्याच ताकदीने त्याला त्या घाणीपासून सुटण्याची वाटही विकत देते. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. नाथांची कथा तुम्हांस पाठ आहे: काशीहून रामेश्वराला नेलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली. आम्ही त्यात नाथांची भूतदया सांगतो. मला अलीकडे दुसरेच दिसते. कावडीतले पाणी देवालाही चालत होते आणि गाढवालाही. आज नाथांनी वाटेतल्या एखाद्या नदीवर कावड भरली असती, तर तहानलेल्याच्या मुखी घालताना त्यांचा हात थरथरला असता.

उलट बाजूचा दाखला हवा तर लांब जायला नको. माउलींची पालखी सासवडवरून जाते तो पुरंदर तालुका दुष्काळी. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडत होती, ते पाहून पुण्यातले कारखानदार-अभियंते विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. (कारखानदार म्हणजे खलनायक असे मी म्हणतो आहे असे कोणी समजू नये, म्हणून मुद्दाम सांगितले.) त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेतली, बांध घातले, तलाव केला, आणि त्यातून 1974 पासून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने मिळायचे नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने मिळायचे; माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही.

उसाची बंदी पाहा. नुसती बंदी घालून ऊस थांबला असता का? कोणाच्याही वाट्याला ऊस पोसण्याइतके पाणी येतच नव्हते, म्हणून ती बंदी पाळणे शक्य झाले. वाटणी सारखी होती, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या पाटाकडे डोळा ठेवावासा वाटे, आणि सगळे डोळे लागले की पाणी वाया जात नाही. तेथे समता आधी आली, पाणी नंतर टिकले. पुढे त्यातल्या पुष्कळ योजना बंद पडल्या, विजेची बिले परवडेनात, उसाचा मोहही आला. हे लपवून दाखला दिला तर तो दाखला नव्हे. पण कोरड्या मुलखात काही काळ का होईना, माणशी माप लावून पाणी राखता आले, हे आपल्याच वाटेवर घडले आहे.

आपल्या काल्यात तरी वेगळे काय आहे? गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या म्हणून पेंद्याची भाकरी आंबली आहे हे सगळ्यांना कळले. जो तो आपापले गाठोडे सोडून झाडाआड बसला असता, तर आंबलेली भाकरी पेंद्यानेच खाल्ली असती, आणि दहीभात खाणारा म्हणाला असता, आज वनभोजन छान झाले.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख बरा झाला असता. पण एक ऋण राहिले आहे.

नदीकाठच्या एका गावी माझे काल्याचे कीर्तन होते. सात दिवसांचे अन्नदान एका गृहस्थांचे. त्यांचा वरच्या अंगाला धातूंना मुलामा देण्याचा छोटा कारखाना होता आणि त्याचे पाणी रात्री नदीत सुटे. गावाला ठाऊक होते. गुरे त्या पाण्याला तोंड लावत नव्हती. कीर्तनाआधी दोन तरुण मुले आली, टाळकरीच होते, आणि माझ्या हातात घडी केलेली चिठ्ठी देऊन गेली. त्यात एकच ओळ होती: महाराज, आज नदीवर बोला.

मी चिठ्ठी ज्ञानेश्वरीत ठेवली आणि उभा राहिलो. गृहस्थ पुढेच बसले होते, कपाळाला बुक्का, डोळ्यांत पाणी. खरोखर भाविक माणूस. मी वैराग्यावर बोललो. संसार कसा मिथ्या, धन कसे नाशवंत, त्यांनीही मान डोलावली. मुलामा देणाऱ्याचे धन नाशवंत असेल, त्याने सोडलेले पाणी नाशवंत नव्हते, एवढे तर मला समजत होते. कीर्तन रंगले. दही-लाह्या वाटल्या. त्यांनी पाकिटात बिदागी दिली, ती नेहमीपेक्षा जड होती, आणि मी ती घेतली. टाळ उतरवून ठेवताना त्या दोन मुलांनी माझ्याकडे पाहिले नाही.

त्या पाकिटाने मीही काठावरून उठून गेलो होतो. ज्याच्या पंगतीला जेवलो त्याला घाटावर टोकता येत नाही, आणि आपली मोठी मोठी सप्ताहमंडळे आज कोणाच्या पंगतीला जेवतात हे एकदा पाहून घ्या. देणगी घेऊ नये असे मी म्हणू शकत नाही; मंडप, भोजन, वाद्ये, सगळ्याला पैसा लागतो, आणि पैसा ज्याच्याकडे असतो त्याच्याकडूनच येतो. तो थोड्यांकडेच साचला की धर्मसुद्धा त्यांचाच मिंधा होतो. मग नदीच्या बाजूने बोलायला म्हातारी तेवढी उरते, आणि तिला तर नदीबद्दल तक्रारच नाही. ती तीर्थ म्हणते.

आता माझा आवाज गेला, गुडघे गेले, कीर्तन सुटले. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण उभा राहतो, गळा गोड आहे, पाठांतर चोख आहे. यंदा त्याच गावाने त्याला काल्याला बोलावले. अन्नदान अजून त्याच घरचे. तो निघण्याआधी नमस्काराला आला तेव्हा मी ज्ञानेश्वरीतून ती चिठ्ठी काढून त्याच्या हाती दिली. घडीवर ती पिवळी पडली आहे, पण शाई स्पष्ट आहे. त्याने वाचली. त्याची दोन मुले शाळेत आहेत, घर कीर्तनावर चालते, हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. त्याने विचारले, “गुरुजी, तुम्ही काय बोलला होता?”

मी सांगितले.

त्याने चिठ्ठी पुन्हा घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि पाया पडून गेला. त्याचे कीर्तन येत्या दशमीला आहे.